‘फ्लड इन्शुरन्स लागत नाही’ म्हणजे नेमकं काय?

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आतेबहिणीचा फोन आला. ती आणि तिचा नवरा ह्यूस्टनच्या पश्चिमेला घर घेत होते. क्लोजिंग, म्हणजे कर्जाचे आणि खरेदीचे कागद सही होऊन घर ताब्यात येण्याचा दिवस, दहा दिवसांवर आलं होतं.

“दादा, बँकेचं पत्र आलं. घर फ्लड झोनमध्ये नाही, फ्लड इन्शुरन्स लागत नाही म्हणतात. चला, तेवढा एक खर्च वाचला.”

“लागत नाही ते बँकेला. तुम्हांला लागतो की नाही, हे कुठे लिहिलंय त्यात?”

“म्हणजे?”

त्या ‘म्हणजे’चं उत्तर दीड तास चाललं. मधे तिच्या कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या. ह्यूस्टनला, म्हणजे टेक्ससच्या हॅरिस काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हाच म्हणा), कितीतरी मराठी कुटुंबं नोकरीनिमित्त येतात, दोन-चार वर्षांत घर घेतात, आणि नेमकी ह्याच वाक्यापाशी फसतात. म्हणून फोनवर जे तुकड्या-तुकड्याने सांगितलं ते इथे सलग लिहितो आहे.

फसण्याचं पहिलं कारण भारतातली सवय. भारतात घराचा विमा काढला की पूर त्यात आलाच. एप्रिल २०२१ पासून जी ‘भारत गृह रक्षा’ नावाची प्रमाणित पॉलिसी आली, तिच्यात आग, भूकंप, वादळ, पूर सगळं एकाच कागदावर आहे. (आपल्याकडे घराचा विमा मुळात काढतो कोण, हा प्रश्न वेगळा.) अमेरिकेत तसं नाही. इथल्या नेहमीच्या होमओनर्स पॉलिसीत पूर वगळलेला असतो, आणि तसं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. पण ते कितव्या पानावर, हे घर घेण्याच्या गडबडीत कोण बघतो? पुराची पॉलिसी वेगळी काढावी लागते.

वेगळी का, ह्यालाही कारण आहे. आग लागते तेव्हा शंभरातलं एखादं घर जळतं आणि उरलेल्या नव्व्याण्णवांच्या हप्त्यातून त्याची भरपाई होते. पूर आला की गल्लीच्या गल्ली एकदम पाण्यात जाते. शिवाय टेकडीवरचा माणूस हा विमा घेत नाही, नदीकाठचा तेवढा घेतो. हे गणित जमत नाही म्हटल्यावर खाजगी कंपन्यांनी ह्या धंद्यातून अंग काढून घेतलं. शेवटी १९६८ साली अमेरिकेच्या संसदेने कायदा करून ‘नॅशनल फ्लड इन्शुरन्स प्रोग्रॅम’ सुरू केला. आज पॉलिसीवर नाव एखाद्या ओळखीच्या विमा कंपनीचं दिसलं तरी बहुतेक वेळा मागे पैसा असतो तो ह्याच सरकारी योजनेचा. कंपनी फक्त पॉलिसी विकते आणि क्लेम हाताळते. ही योजना चालवते ती फेमा, म्हणजे केंद्राची आपत्ती व्यवस्थापन संस्था.

सपाट, चिकट आणि खचणारी जमीन

किनाऱ्यावरची काउंटी म्हटली की वाळू आणि लाटा डोळ्यांसमोर येतात. हॅरिस काउंटीला तसा समुद्रकिनारा नाही. तिचा आग्नेयेचा कोपरा गॅल्व्हस्टन बे ह्या खाडीला टेकतो, तिथे सीब्रुक, ला पोर्ट, बेटाऊन ही गावं आहेत. ह्यूस्टनचा मध्यभाग समुद्रसपाटीपासून जेमतेम पन्नास फूट उंचीवर. सगळा परातीसारखा सपाट मुलूख. माती काळी, चिकण, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात तडकणारी. देशावरच्या काळ्या रेगूर मातीची चुलत बहीणच म्हणा. वरचा थर भिजला की पाणी आत मुरायचं नाव घेत नाही.

हे पाणी वाहून न्यायला आहेत ‘बायू’. ओढ्यापेक्षा मोठ्या, नदीपेक्षा लहान, आणि स्वभावाने आळशी. बफेलो बायू, ब्रेझ बायू, व्हाइट ओक बायू अशी नावं इथे रोजच्या बोलण्यात असतात. अख्ख्या काउंटीचे असे वीसहून जास्त पाणलोट आहेत. १९२९ आणि १९३५ च्या मोठ्या पुरांनंतर, १९३७ मध्ये, फक्त ह्या कामासाठी हॅरिस काउंटी फ्लड कंट्रोल डिस्ट्रिक्ट स्थापन झालं. आणखी एक गोष्ट नव्या माणसाला चकित करते: ह्यूस्टनचे रस्ते पाणी साठवायचं ठरवूनच आखलेले असतात. गटारं भरली की पाणी रस्त्यावर थांबावं, घरात शिरू नये, असा हिशेब. त्यामुळे मोठ्या सरीनंतर दारासमोर घोटाभर पाणी दिसलं तर घाबरायचं कारण नाही. ते अंगणाच्या कडेवर चढून गॅरेजकडे निघालं, की मग घाबरावं.

त्यात जमीन खचते. भूगर्भातलं पाणी इतकं उपसलं की बेटाऊनमधली ब्राऊनवुड नावाची खाडीकाठची अख्खी वस्ती हळूहळू कित्येक फूट खाली गेली. १९८३ च्या अलिशिया वादळानंतर ती कायमची सोडून द्यावी लागली. आज तिथे निसर्ग उद्यान आहे. पक्षी बघायला लोक दुर्बिणी घेऊन जातात, आणि झाडीतून फिरताना मधेच जुन्या डांबरी रस्त्याचे तुकडे पायाखाली येतात. उपशावर लगाम घालायला १९७५ मध्ये वेगळी संस्था नेमली गेली, पण खचलेली जमीन काही वर येत नाही.

तर इथे पाणी घरात तीन वाटांनी येतं. बायू ओसंडून, खाडीतून वादळी लाटांबरोबर, किंवा नुसत्या पावसाने, जवळपास नदी-नाला काहीही नसताना. तिसरी वाट सगळ्यात बेसावध पकडते.

नकाशावरची रेषा

कोल्हापूर, सांगली, पुण्याच्या लोकांना निळी रेषा आणि लाल रेषा ठाऊक असतात: निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. फेमाचा नकाशा ह्याच जातीचा आहे. आपल्या लाल रेषेच्या आतला जो भाग, तो इथे ‘एई’ झोन. खाडीकाठी जिथे पाण्याबरोबर लाटांचा मारही बसतो तो ‘व्हीई’. त्याच्या बाहेर ‘एक्स’. एक्समध्येही दोन प्रकार आहेत: नकाशावर छटा दिलेला एक्स म्हणजे पाचशे वर्षांच्या पुराचा पट्टा, आणि बिनछटेचा एक्स म्हणजे उरलेलं सगळं.

‘शंभर वर्षांचा पूर’ ह्या नावानेच निम्मा घोटाळा केला आहे. लोकांना वाटतं, २०१७ ला येऊन गेला, आता २११७ पर्यंत निवांत. खरा अर्थ एवढाच की असा पूर कुठल्याही एका वर्षी येण्याची शक्यता शंभरात एक. एका पिशवीत शंभर गोट्या आहेत, एकच काळी. दर वर्षी एक गोटी काढायची, बघायची आणि परत टाकायची. गेल्या वर्षी काळी आली म्हणून ह्या वर्षी येणार नाही, असं पिशवी म्हणत नाही. आणि घराचं कर्ज असतं तीस वर्षांचं. तीस वेळा पिशवीत हात घातला तर निदान एकदा काळी निघण्याची शक्यता २६ टक्के होते, म्हणजे चारात एक. रेषेच्या अगदी काठावरच्या घराचा हा हिशेब आहे, आतल्या सखल घरांचा याहून वाईट. मेयरलंड भागातल्या, ब्रेझ बायूजवळच्या कित्येक घरांत २०१५, २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ तीन वर्षं पाणी आलं. त्या वस्तीत आज फिरलात तर जुनी बसकी घरं आणि मधेच उचलून उंच जोत्यावर ठेवलेली घरं अशी ओळ दिसते.

आता बँक. १९७३ च्या कायद्याने असं ठरलं की घर शंभर वर्षांच्या पट्ट्यात असेल आणि कर्जामागे केंद्र सरकारचा हात असेल, तर फ्लड इन्शुरन्स सक्तीचा. बहुतेक गृहकर्जं ह्यात येतात. म्हणून बँक घराचा पत्ता नकाशावर टाकून बघते आणि पत्र पाठवते: आत की बाहेर. एवढंच. घरात पाणी येईल की नाही ह्याबद्दल त्या पत्रात एक अक्षर नसतं. पण ‘लागत नाही’ हे आपण ‘गरज नाही’ असं वाचतो. मराठीत दोन्ही एकसारखं ऐकू येतं, तेही नडतं.

हा नकाशा किती पुरतो ते हार्वीने दाखवलं. २५ ऑगस्ट २०१७ च्या रात्री हार्वी वादळ रॉकपोर्टजवळ किनाऱ्याला धडकलं, ह्यूस्टनपासून चांगलंच दूर. वाऱ्याने ह्यूस्टनचं फार बिघडवलं नाही. वादळ पुढे सरकेना, आणि चार दिवस पाऊस थांबेना. टेक्ससमधल्याच नीडरलंड ह्या गावी ६०.५८ इंच पाऊस मोजला गेला, म्हणजे दीड हजार मिलीमीटरच्या वर. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर झाला होता. तीव्रतेत मुंबईची बरोबरी नाही, पण इथे तो दिवसांमागून दिवस पडतच राहिला.

फ्लड कंट्रोल डिस्ट्रिक्टने नंतर मोजदाद केली. हॅरिस काउंटीत सुमारे १,५४,००० घरांत पाणी शिरलं होतं. त्यातली ६८ टक्के शंभर वर्षांच्या पट्ट्याबाहेरची. सत्तर हजारांहून जास्त घरं तर पाचशे वर्षांच्या पट्ट्याच्याही बाहेरची, म्हणजे बिनछटेच्या एक्समधली. आणि बुडालेल्या एकूण घरांपैकी ६४ टक्के घरांना पुराचा विमाच नव्हता. ह्या सगळ्यांकडेही कधीतरी ‘लागत नाही’चं पत्र आलेलं असणार.

नकाशा खोटा होता असं मी म्हणणार नाही. तो जुना होता, आणि तो एकाच प्रश्नाचं उत्तर देत होता. त्या वेळी लागू असलेले नकाशे बहुतांशी २००७ चे, २००१ च्या अ‍ॅलिसन वादळानंतर बनवलेले. त्यात प्रामुख्याने बायूंचं पाणी किती चढेल ते दाखवलेलं. गटार तुंबून गल्लीत साचणारं पाणी त्यात येत नाही. शिवाय २०१८ मध्ये पावसाचे आकडेच बदलले: ह्यूस्टनमध्ये शंभर वर्षांतून एकदा, चोवीस तासांत किती पाऊस पडू शकतो, तर आधी धरत होते साधारण १३ इंच, नव्या अभ्यासात तो १८ इंचांच्या घरात गेला. आधी जो पाचशे वर्षांचा मानायचो तो पाऊस आता जवळपास शंभर वर्षांचा झाला.

रिकामी धरणं

आतेबहिणीचं घर पश्चिमेला, म्हणून तिला ही गोष्ट मुद्दाम सांगितली. त्या बाजूला ॲडिक्स आणि बार्कर अशी दोन धरणं आहेत. धरण म्हटल्यावर आपल्याला कोयना आठवतं, पाण्याचा निळा विस्तार. ही धरणं वर्षातले बहुतेक दिवस कोरडी असतात. लांबच लांब मातीचा बांध, आत गवत, झाडी, सायकलची वाट, फुटबॉलची मैदानं. हायवे सिक्सवरून रोज जाणाऱ्याला आपण धरणाच्या पोटातून चाललोय हे कळतही नाही. १९४० च्या दशकात सैन्याच्या अभियंत्यांनी ती बांधली: मोठा पाऊस आला की पाणी इथे अडवायचं आणि नंतर हळूहळू बफेलो बायूत सोडायचं, म्हणजे खालचं ह्यूस्टन वाचेल.

घोटाळा असा की, पूर्ण भरल्यावर पाणी जिथपर्यंत पसरू शकतं तेवढी सगळी जमीन सरकारने विकत घेतलीच नव्हती. उरलेल्या जमिनीवर पुढे वसाहती झाल्या. छान शाळा, रुंद रस्ते, सिन्को रँचसारख्या नावाजलेल्या वस्त्या. हार्वीत पाणी बांधाआड चढत चढत त्या घरांत शिरलं. दुसऱ्या बाजूला, बांध धोक्यात येऊ नये म्हणून २८ ऑगस्टला मध्यरात्रीनंतर दरवाजे उघडले, तर खालच्या बाजूची घरं बुडाली. वरच्या बाजूच्या घरमालकांनी सरकारवर दावा लावला आणि डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने सरकारला जबाबदार धरलं. दाव्यांचं गाडं त्यानंतरही चालूच राहिलं.

ह्यातली एक बारीक गोष्ट मला विसरता येत नाही. बार्करच्या फोर्ट बेंड काउंटीकडच्या काही वसाहतींच्या मूळ प्लॅटवर, म्हणजे भूखंडांच्या नोंदणीच्या नकाशावर, एक सूचना छापलेली होती: ही वसाहत बार्कर जलाशयाला लागून आहे आणि इथे नियंत्रित स्वरूपात, दीर्घकाळ पाणी साचू शकतं. सही-शिक्क्यांच्या गर्दीत एक ओळ. घर घेताना माणूस किचनचा ग्रॅनाइट बघतो, शाळेचं रेटिंग बघतो, काउंटीच्या दप्तरातला प्लॅट कोण काढतो? सप्टेंबर २०१९ पासून टेक्ससमध्ये कायदा बदलला. आता विकणाऱ्याला लिहून द्यावं लागतं की घर शंभर किंवा पाचशे वर्षांच्या पट्ट्यात आहे का, धरणाच्या साठ्याच्या हद्दीत आहे का, आधी पाणी आलं होतं का, पुराचा क्लेम केला होता का. २०२२ पासून भाडेकरूलाही, घर शंभर वर्षांच्या पट्ट्यात असेल किंवा गेल्या पाच वर्षांत बुडालं असेल तर, सांगणं बंधनकारक आहे. तो डिस्क्लोजरचा कागद नीट वाचा. ‘अननोन’वर टिक केलेली दिसली तर शेजारच्या घराची बेल वाजवा. शेजारी सांगतात.

पॉलिसीत काय आहे आणि काय नाही

सरकारी पॉलिसीची मर्यादा ठरलेली आहे: घराच्या इमारतीसाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, आतल्या सामानासाठी एक लाख. दोन्ही वेगवेगळं घ्यावं लागतं, आणि दोन्हींचं डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून जाणारी रक्कम, वेगवेगळं कापलं जातं. भाड्याने राहणाऱ्याला फक्त सामानाचीही पॉलिसी मिळते.

पूर कशाला म्हणायचं ह्याची व्याख्याही ठरलेली. एरवी कोरडी असणारी दोन एकर किंवा त्याहून जास्त जमीन, नाहीतर दोन किंवा जास्त मालमत्ता पाण्याखाली जायला हव्यात. फोनवर मी ढोबळ खूण सांगितली: वरून आलेलं पाणी होमओनर्सचं, जमिनीवरून चढत आलेलं पाणी फ्लडचं. वादळाने छप्पर फाटून पाऊस आत आला, होमओनर्स. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत इथे घरोघरी पाइप फुटले, तेही होमओनर्स. अंगणातून उंबरा ओलांडून आलं, फ्लड. खाडीकाठी मात्र ह्याला तिसरा पदर आहे. हायवे १४६ च्या पूर्वेला बऱ्याचदा होमओनर्स पॉलिसी वाऱ्याचं नुकसानही वगळते, मग वाऱ्यासाठी टेक्सस विंडस्टॉर्म असोसिएशनची तिसरी पॉलिसी. घर पडलं तर ते आधी वाऱ्याने पडलं की पाण्याने, ह्यावर दोन कंपन्या भांडत बसतात आणि आपण मधे. २००८ च्या आइक वादळात बोलिव्हर द्वीपकल्पावर कितीतरी घरांची नुसती काँक्रीटची फरशी उरली होती. त्या फरशीवरून कोण काय सिद्ध करणार?

काय मिळत नाही, ते जास्त महत्त्वाचं. घर दुरुस्त होईपर्यंत भाड्याने राहिलात, तर ते भाडं सरकारी पॉलिसी देत नाही. अंगणातली गाडी नाही, ती मोटार विम्याच्या कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये. कुंपण, डेक, स्विमिंग पूल, बागेतला कढीपत्ता नाही. आणि आपल्या लोकांसाठी खास: दागिने, घड्याळं, सोन्या-चांदीच्या वस्तू, चित्रं, हे सगळं मिळून एकूण २,५०० डॉलर. एका दागिन्याला नव्हे, सगळ्याला मिळून. ह्यात देवघरातली चांदीची समईही आली. हे ऐकून आतेबहीण पहिल्यांदा खरी दचकली.

दुसरा दचका घसाऱ्याचा. सामानाची भरपाई नेहमी आजच्या जुन्या किमतीने मिळते, नव्याच्या नाही. समजा, दोन हजार डॉलरचा सोफा आठ वर्षं वापरलाय, तर हातात कदाचित तीन-चारशे येतील. इमारतीची भरपाई नव्या किमतीने मिळू शकते, पण तुम्ही त्या घरात स्वतः राहत असाल आणि विमा घर पुन्हा बांधण्याच्या खर्चाच्या निदान ८० टक्के किंवा कमाल मर्यादेइतका काढला असेल, तर.

हे सगळं प्रत्यक्षात कसं दिसतं ते मी सप्टेंबर २०१७ मध्ये बघितलं. एका ओळखीच्या काका-काकूंच्या घरी आम्ही सात-आठजण मदतीला गेलो होतो. दोन फूट पाणी येऊन ओसरलेलं. आधी कार्पेट उपटलं, भिजलेलं कार्पेट किती जड असतं ते पाठीला कळलं. मग शीटरॉकच्या, म्हणजे जिप्समच्या पातळ पाट्यांच्या, भिंती खालून चार फुटांपर्यंत कापल्या. पाणी दोन फूट, मग चार का? कारण शीट चार फुटी असते, वरची शीट तशीच ठेवता येते. उकाड्यात बुरशी चढायला दोन दिवस पुरतात, म्हणून सगळी घाई. फ्रिज न उघडताच चिकटपट्टीने गुंडाळून बाहेर काढला. रस्त्याच्या कडेला प्रत्येक घरापुढे छातीइतका ढीग. काका मात्र काही फेकू देण्याआधी फोनवर फोटो काढत होते, टीव्हीचा आणि वॉशिंग मशीनचा सीरियल नंबर दिसेल असा. तेव्हा आम्ही मनातून चिडलो होतो. पुढे त्यांचा क्लेम सुरळीत झाला तो त्याच फोटोंमुळे. अ‍ॅडजस्टर, म्हणजे विम्यासाठी नुकसान मोजणारा माणूस, आला, खोलीमागून खोली मोजत, प्रत्येक वस्तूचं वय विचारत गेला. काकूंच्या लाकडी पेटीतल्या पैठण्यांचा रंग एकमेकींत उतरला होता. त्याने त्या हातात घेऊन बघितल्या आणि यादीत लिहिलं: कपडे, समारंभाचे, पाच.

नुकसान झाल्यापासून साठ दिवसांत ‘प्रूफ ऑफ लॉस’ हा सही केलेला हिशेब द्यावा लागतो. मोठ्या आपत्तीत मुदत वाढवतात, पण त्या भरवशावर राहू नका.

“पण एवढी मोठी आपत्ती आली तर सरकार देतंच ना?” हा प्रश्न हमखास येतो. देतं. हार्वीच्या वेळी फेमाच्या थेट मदतीची कमाल मर्यादा एका कुटुंबाला ३३,३०० डॉलर होती, आणि बहुतेकांच्या हाती त्यातले काही हजारच आले. बाकी मिळतं ते कमी व्याजाचं कर्ज, म्हणजे बुडालेल्या घरावर दुसरा हप्ता. पुराचा विमा असलेल्यांना सरासरी एक लाख डॉलरच्या वर मिळाले. फेमाच्याच हिशेबाने घरात एक इंच पाणी आलं तरी नुकसान २५,००० डॉलरपर्यंत जातं.

हप्ता किती, ते घरागणिक वेगळं. पूर्वी झोन आणि उंची बघून ठरायचा. ऑक्टोबर २०२१ पासून नवी पद्धत आली. तीत पाण्यापासूनचं अंतर, जमिनीची उंची, पहिल्या मजल्याची फरशी किती वर आहे, घर पुन्हा बांधायला किती खर्च येईल, असं बरंच धरतात. त्यामुळे एकाच गल्लीतल्या दोन घरांचे आकडे वेगळे निघू शकतात. काहींचा हप्ता उतरला, पुष्कळांचा चढला. राहत्या घराचा हप्ता वर्षाला साधारण १८ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, म्हणून तो पायरी-पायरीने चढतो. ही वाढ उगाच नाही. वर्षानुवर्षं हप्ते धोक्याच्या मानाने कमी ठेवल्याने योजना कर्जात रुतली होती. २०१७ मध्ये संसदेने १६ अब्ज डॉलर माफ केले, तरी २० अब्जांहून जास्त शिल्लक राहिलं. माझं मत विचाराल तर खरा हप्ता सांगणं योग्यच आहे, पण कमी उत्पन्नाच्या माणसाला त्याच झटक्यात विमा सोडावा लागतो, आणि सखल जमिनीवर तोच जास्त राहतो. ह्याचं उत्तर अजून कोणी नीट दिलेलं नाही.

एक युक्ती फारशी कोणी सांगत नाही. घर विकणाऱ्याकडे आधीची सरकारी पॉलिसी असेल तर ती आपल्या नावावर करून घेता येते. मग पायरी-पायरीने चढणारा त्याचा कमी हप्ता आपल्याला मिळतो. खाजगी फ्लड पॉलिसीही आता मिळतात, काहींत मर्यादा जास्त आणि भाड्याचा खर्चही असतो. पण एका मोठ्या पुरानंतर कंपनी नूतनीकरण नाकारू शकते, हे लक्षात ठेवून घ्या.

आणि मुदत. सरकारी पॉलिसी घेतल्यावर ती लागू व्हायला ३० दिवस लागतात. हार्वीला मेक्सिकोच्या आखातात पुन्हा जोर चढल्यापासून ते किनाऱ्याला धडकेपर्यंत जेमतेम तीन दिवस मिळाले होते. वादळांचा हंगाम १ जूनला लागतो, तेव्हा हे काम एप्रिलअखेर उरकलेलं बरं. शिवाय ही योजना संसद थोड्या-थोड्या मुदतीने वाढवत असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारी कामकाज ठप्प झालं, तेव्हा नव्या पॉलिसी मिळणंच थांबलं होतं. जुन्या चालू होत्या.

ह्या ३० दिवसांना एक अपवाद आहे: घराच्या कर्जाच्या निमित्ताने, क्लोजिंगच्या आत अर्ज करून पैसे भरले, तर पॉलिसी क्लोजिंगच्या दिवसापासूनच लागू होते. आतेबहिणीकडे दहा दिवस होते. तिने दुसऱ्या दिवशी तीन ठिकाणांहून दर मागवले, विकणाऱ्याचा डिस्क्लोजर पुन्हा वाचला, धरणाच्या साठ्याचा नकाशा काढून बघितला. घर हद्दीबाहेर होतं, पण फार नाही. पॉलिसी घेतली, इमारत आणि सामान दोन्ही.

आठवड्याने परत फोन. “दादा, आईने दिलेल्या पाटल्या आणि मंगळसूत्र. अडीच हजारात ते काय बसतात?”

“फोटो काढून ठेव आणि बँकेच्या लॉकरला टाक.”

पलीकडे कीबोर्डचा आवाज आला. “थांब,” ती म्हणाली, “बँक कुठल्या झोनमध्ये आहे ते बघते.”